मुंबईतील हृदय-प्रतिरोपण

निकामी झालेले हृदय काढून त्याच्या जागी नुकत्याच मृत झालेल्या दुसऱ्या व्यक्तीचे हृदय बसविणे, या शस्त्रक्रियेस हृदय-प्रतिरोपण म्हणतात. ज्याचे हृदय घेतले जाते त्यास दाता व ज्याला ते बसविले जाते त्या रोग्यास ग्राही अशी संज्ञा आहे. मुंबईत ही शस्त्रक्रिया प्रथम फेब्रुवारी १९६८ मध्ये परळ येथील किंग एडवर्ड मेमोरियल (के. ई. एम.) रुग्णालयात झाली. शहरात ती पुन्हा यशस्वी होण्यास ऑगस्ट २०१५ उजाडावा लागला व या वेळी ती मुलुंड या ईशान्य उपनगरात झाली. या दोन घटनांमध्ये ४७ वर्षांचे अंतर आहे. शस्त्रक्रियेचे तंत्र १९६८ मध्येच बव्हंशी सिद्ध झाले होते. उणीव दोन गोष्टींची होती : परका अवयव शरीराने स्वीकारावा यासाठी लागणारी औषधे, आणि माणूस नेमका केव्हा मृत समजावा याविषयीचा समाजमान्य व कायदेशीर निर्णय. पहिली उणीव प्रयोगशाळेने भरून काढली. दुसरीसाठी न्यायालये, विधिमंडळे व सामान्य कुटुंबे यांना निर्णय घ्यावे लागले. मानवी आयुष्य वाढविण्याच्या प्रयत्नांत जे नैतिक प्रश्न उद्‌भवतात, ते या इतिहासात स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

वैज्ञानिक पार्श्वभूमी : रक्तवाहिन्या एकमेकींना शिवून जोडण्याचे तंत्र फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद अलेक्सी कॅरेल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी विकसित केले. त्यांनी व चार्ल्स गथ्री यांनी १९०५ मध्ये अमेरिकेत एका कुत्र्याचे हृदय दुसऱ्याच्या मानेतील वाहिन्यांना जोडून दाखविले. कॅरेल यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रशियन संशोधक व्ह्लद्यीमिर डेमिखोव्ह यांनी १९४६ पासून कुत्र्यांच्या छातीच्या पोकळीत हृदय बसविण्याचे प्रयोग केले. शस्त्रक्रिया चालू असताना रक्ताभिसरण चालू ठेवणारे हृदय-फुप्फुस यंत्र जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये मनुष्यावर यशस्वी रीत्या वापरले. अमेरिकेतील नॉर्मन शमवे व रिचर्ड लोअर यांनी १९६० मध्ये हृदय-प्रतिरोपणाची सुटसुटीत पद्धती प्रसिद्ध केली. या पद्धतीत ग्राहीच्या अलिंदांचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा) मागील भाग जागीच ठेवून नवे हृदय त्याला शिवतात. त्यामुळे अनेक लहान नीला स्वतंत्रपणे जोडाव्या लागत नाहीत व वेळ वाचतो.

परक्या ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचा) शरीर अस्वीकार का करते, हे पीटर मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले व त्याबद्दल मेडावर यांना फ्रँक बर्नेट यांच्यासमवेत १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराची जी संरक्षक यंत्रणा रोगजंतूंवर हल्ला चढविते तीच नव्या अवयवावरही चढविते. बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी डिसेंबर १९५४ मध्ये केलेले मूत्रपिंडाचे प्रतिरोपण यशस्वी झाले, याचे कारण दाता व ग्राही हे एकसारखे जुळे भाऊ होते. जुळे भावंड नसलेल्या रोग्यांसाठी ही संरक्षक यंत्रणा औषधांनी दडपणे आवश्यक होते. या कामी १९६० नंतरच्या दशकात ॲझाथायोप्रीन व स्टेरॉइडे ही औषधे वापरली जात. ती अपुरी ठरत व त्यांच्यामुळे रोगी साध्या जंतुसंसर्गासही बळी पडे.

परळ, १९६८ : दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे क्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी जगातील पहिले मानवी हृदय-प्रतिरोपण केले. त्यांचा रोगी १८ दिवस जगला. त्यानंतर अमेरिकेत एड्रियन कॅन्ट्रोविट्झ व शमवे यांनी ही शस्त्रक्रिया केली. या मालिकेतील जगातील सहावी शस्त्रक्रिया मुंबईत झाली. प्रफुल्ल कुमार सेन (१९१५–८२) व त्यांचे सहकारी यांनी के. ई. एम. रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये ती केली. असे धाडस करणारे सेन हे जगातील चौथे शस्त्रक्रियाविशारद होत.

ही घटना मुंबईत घडावी हे आकस्मिक नव्हते. के. ई. एम. रुग्णालय व त्यास जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये गिरणी कामगारांच्या वस्तीत सुरू झाले. अध्यापकवर्ग पात्र भारतीयांचाच असावा, अशी अट महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या विश्वस्तांनी घातली होती. महानगरपालिकेने चालविलेल्या या संस्थेत सेन यांनी हृदय व रक्तवाहिन्या यांच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग उभारला. कुत्र्यांवर हृदय-प्रतिरोपणाचे प्रयोग तेथे कित्येक वर्षे चालू होते. मे १९६५ मध्ये याच रुग्णालयात मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे प्रतिरोपण करण्याचा भारतातील पहिला प्रयत्नही झाला होता.

फेब्रुवारीतील शस्त्रक्रियेनंतर नवे हृदय ग्राहीच्या छातीत धडधडू लागले, परंतु काही तासांतच रोगी मरण पावला. सेन यांनी सप्टेंबर १९६८ मध्ये दुसरा प्रयत्न केला. त्याही रोग्याचा काही तासांत मृत्यू झाला. यानंतर मुंबईत हे कार्य थांबले. सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण हा किताब देण्यात आला.

थांबण्याचा निर्णय एकट्या मुंबईचा नव्हता. १९६८ या एकाच वर्षात जगभर शंभराहून अधिक हृदय-प्रतिरोपणे झाली. बहुतेक रोगी काही दिवसांत वा महिन्यांत दगावले. १९७१ च्या सुमारास बहुसंख्य रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया सोडून दिली होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात शमवे यांनी मात्र ती चिकाटीने चालू ठेवली. परिस्थिती पालटली ती सायक्लोस्पोरीन या औषधामुळे. नॉर्वेतील हार्दांगरव्हिडा पठारावरून आणलेल्या मातीच्या नमुन्यात आढळलेल्या एका कवकापासून ते मिळाले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १९७२ मध्ये त्याचा गुणधर्म लक्षात आला, १९७८ पासून ते रोग्यांवर वापरले जाऊ लागले व १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. या औषधामुळे अवयवाचा अस्वीकार बराच आटोक्यात आला. जागतिक नोंदींनुसार आज हृदय-प्रतिरोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रोगी दहा वर्षांपेक्षा जास्त जगतात. मात्र त्यांना आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात.

मृत्यूची व्याख्या : पिढ्यान् पिढ्या मृत्यूची खूण एकच होती : श्वास व नाडी थांबणे. श्वसनयंत्राच्या शोधानंतर ही खूण अपुरी पडू लागली. मेंदू पूर्णपणे व कायमचा निकामी झाला, तरी यंत्राच्या साहाय्याने फुप्फुसांत हवा खेळती ठेवता येते आणि हृदय काही काळ आपल्या लयीने चालू राहते. हृदय-प्रतिरोपणासाठी असे चालू हृदय सर्वांत उपयुक्त असते, कारण रक्तप्रवाह थांबल्यावर त्याच्या स्नायूची हानी झपाट्याने होऊ लागते. परंतु जुन्या व्याख्येप्रमाणे ज्याचे हृदय चालू आहे तो माणूस जिवंतच होय. अशा माणसाचे हृदय काढणे हा मनुष्यवध ठरेल काय, असा प्रश्न उभा राहिला.

हेन्री बीचर यांच्या अध्यक्षतेखालील हार्व्हर्ड विद्यापीठाच्या समितीने ऑगस्ट १९६८ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबले असल्यास तो मृत्यूच समजावा, अशी शिफारस तिने केली व त्यासाठी कसोट्या सांगितल्या. मुंबईतील पहिली शस्त्रक्रिया या अहवालाच्या सहा महिने आधीची आहे. भारतात त्या वेळी मेंदूच्या मृत्यूस मान्यता देणारा कायदा नव्हता. मुंबई राज्यात १९५७ चा नेत्रपटल-प्रतिरोपणाविषयीचा कायदा होता. तथापि नेत्रपटल हृदय थांबल्यानंतर काही तासांनीही काढता येत असल्याने मृत्यूच्या व्याख्येचा वाद त्यात उद्‌भवत नव्हता.

या संदिग्धतेचे परिणाम इतर देशांत दिसून आले. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात मे १९६८ मध्ये डोक्यास जबर मार लागलेल्या एका कृष्णवर्णीय मजुराचे हृदय त्याच्या आप्तांची संमती न घेता काढण्यात आले. त्याच्या भावाने दावा लावला. १९७२ मध्ये ज्यूरीने वैद्यांच्या बाजूने निकाल दिला, पण ज्याच्यामागे कोणी आप्त उभा दिसत नाही अशा गरिबाचा मृत्यू लवकर घोषित होतो काय, ही शंका त्या प्रकरणाने लोकांसमोर आणली. जपानमध्ये सापोरो येथे जूरो वाडा यांनी ऑगस्ट १९६८ मध्ये हृदय-प्रतिरोपण केले. ग्राही ८३ दिवस जगला. पुढे दाता खरोखर मृत होता काय व ग्राहीला प्रतिरोपणाची खरीच गरज होती काय, असे आक्षेप घेण्यात येऊन वाडा यांच्याविरुद्ध फौजदारी तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, परंतु लोकांचा विश्वास उडाला. जपानने १९९७ मध्ये कायदा केला व पुढील हृदय-प्रतिरोपण तेथे १९९९ मध्ये झाले. तंत्र अवगत असूनही तीन दशके वाया गेल्याचे हे उदाहरण मुंबईच्या इतिहासाशी ताडून पाहण्याजोगे आहे.

साहित्यातील पडसाद : एकाचे आयुष्य वाढविण्यासाठी दुसऱ्याचे आयुष्य खर्ची पडावे काय, हा प्रश्न भारतीय परंपरेस नवा नाही. महाभारताच्या आदिपर्वातील ययाती शुक्राचार्यांच्या शापाने वृद्ध होतो व आपले वार्धक्य पुत्रांनी घ्यावे अशी मागणी करतो. थोरले पुत्र नकार देतात आणि धाकटा पुरू आपले तारुण्य देतो. वि. स. खांडेकर यांची ययाति (१९५९) ही कादंबरी व गिरीश कार्नाड यांचे ययाति (१९६१) हे कन्नड नाटक यांनी ही कथा आधुनिक वाचकांपुढे ठेवली. खांडेकरांच्या लेखनास १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. पुरूचे दान स्वेच्छेचे असले, तरी मागणारा पिता व राजा आहे. अशा मागणीसमोर दिलेली संमती कितपत मुक्त मानावी, हा या कथेतील प्रश्न जिवंत दात्यांच्या बाबतीत आजही तसाच विचारावा लागतो.

पाश्चात्त्य देशांत मेंदूच्या मृत्यूस मान्यता मिळू लागली, तेव्हा त्याविषयीची भीती विज्ञानाधिष्ठित रहस्यकथांतून प्रकट झाली. रॉबिन कुक या वैद्यकीय व्यावसायिक लेखकाची कोमा (१९७७) ही कादंबरी याचे ठळक उदाहरण होय. बॉस्टनच्या एका रुग्णालयात साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रोग्यांचे मेंदू हेतुतः निकामी करून त्यांचे अवयव विकले जातात, अशी तीत कल्पना आहे. १९७८ मध्ये तीवर चित्रपटही निघाला. ही कल्पना वस्तुस्थितीस धरून नव्हती. तथापि जो वैद्य मृत्यू घोषित करतो त्यास अवयवाच्या उपयोगात कोणताही हितसंबंध नसावा, हे तत्त्व किती महत्त्वाचे आहे याची जाणीव अशा कथांनी सामान्य वाचकांस करून दिली. पुढे अनेक देशांच्या कायद्यांत व नियमांत हेच तत्त्व समाविष्ट झाले.

मूत्रपिंडांचा व्यापार व १९९४ चा अधिनियम : हृदय-प्रतिरोपण थांबले असताना भारतात मूत्रपिंडाचे प्रतिरोपण वाढत गेले. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९७१ मध्ये जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रतिरोपण यशस्वी झाले. माणसाला दोन मूत्रपिंडे असतात व एकावर जगता येते. त्यामुळे मृत्यूच्या व्याख्येची अडचण येथे नव्हती, परंतु त्यातूनच दुसरी आपत्ती ओढवली. १९८० नंतरच्या दशकात मुंबई हे विकत घेतलेल्या मूत्रपिंडांच्या प्रतिरोपणाचे एक आंतरराष्ट्रीय केंद्र बनले. आखाती देशांतून मुंबईत येऊन मूत्रपिंड विकत घेतलेल्या १३० रोग्यांचा अभ्यास १९९० मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मृत्यूचे व गंभीर जंतुसंसर्गाचे प्रमाण मोठे आढळले. विकणाऱ्यांची अशी पद्धतशीर नोंद कोणी ठेवली नाही.

केंद्र सरकारने नेमलेल्या ल. म. सिंघवी समितीने १९९१ मध्ये मेंदूच्या मृत्यूस मान्यता देण्याची शिफारस केली. आरोग्य हा राज्यांच्या अधिकारातील विषय आहे. म्हणून महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधानमंडळांनी संविधानाच्या २५२ व्या अनुच्छेदानुसार ठराव केले व त्याआधारे संसदेने मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम, १९९४ संमत केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. मुंबईतील पहिल्या हृदय-प्रतिरोपणानंतर हा निर्णय होण्यास २७ वर्षे लागली.

या अधिनियमाने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली व मस्तिष्क स्तंभाच्या (मेंदूचा जो तळचा भाग त्यास मेरुरज्जूशी जोडतो व श्वसनाचे नियंत्रण करतो, त्याच्या) मृत्यूस व्यक्तीचा मृत्यू म्हणून मान्यता दिली. हे निदान चार वैद्यांच्या मंडळाने करावयाचे असते व त्यात प्रतिरोपण करणाऱ्या पथकातील कोणासही स्थान नसते. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात काय, नेत्रपटलास स्पर्श केल्यास पापणी मिटते काय, घशातील नळी हलविल्यास खोकला येतो काय, हे तपासले जाते. शेवटी श्वसनयंत्र काही मिनिटे वेगळे करून, रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढूनही रोगी स्वतः श्वास घेत नाही याची खात्री करतात. या सर्व कसोट्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा घेतल्या जातात. सर्व पार पडल्यावरही निकटच्या आप्तांच्या संमतीखेरीज अवयव घेता येत नाहीत.

नव्या कायद्याच्या छायेत दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पी. वेणुगोपाल यांनी ३ ऑगस्ट १९९४ रोजी भारतातील पहिले यशस्वी हृदय-प्रतिरोपण केले. मुंबईत विभागीय प्रतिरोपण समन्वय केंद्र २००० मध्ये स्थापन झाले. कोणता अवयव प्रतीक्षायादीतील कोणत्या रोग्यास मिळावा, हे ठराविक निकषांनुसार ठरविण्याचे काम ते करते. त्यामुळे निवडीचा अधिकार एकट्या रुग्णालयाच्या वा वैद्याच्या हाती राहिला नाही.

मुलुंड, २०१५ : एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत मुंबईची मोठी रुग्णालये भायखळा, परळ, शीव अशा शहराच्या भागांत उभी राहिली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे १९५० नंतर वेगाने वाढली आणि त्यांतील रहिवाशांना गंभीर आजारात दीर्घकाळ दक्षिणेकडेच धाव घ्यावी लागे. मुलुंड ते भांडुप हा पट्टा कारखान्यांचा होता व औषधनिर्मिती हा त्यातील एक प्रमुख उद्योग होता. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात कोलिअस या तुळशीच्या कुळातील वनस्पतीच्या मुळांपासून फोर्स्कोलीन हे संयुग वेगळे करण्यात आले. हृदयाच्या स्नायूचे आकुंचन वाढविणारे हे संयुग जगभरच्या शरीरक्रियावैज्ञानिक संशोधनात महत्त्वाचे साधन ठरले. दुबळ्या हृदयावर उपाय शोधण्याची परंपरा या उपनगरास अशी जुनी आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कारखाने मागे पडले व त्यांच्या परिसरात निवासी संकुले आणि खाजगी रुग्णालये आली. अंधेरी येथील कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय २००९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी मुलुंड येथील वोक्हार्ट समूहाचे रुग्णालय फोर्टिस समूहाकडे गेले. या रुग्णालयात अन्वय मुळे व त्यांच्या पथकाने ऑगस्ट २०१५ च्या प्रारंभी हृदय-प्रतिरोपण यशस्वी केले. दाती पुण्यातील एक स्त्री होती व ग्राही बदलापूरचा २२ वर्षांचा तरुण होता.

काढलेले हृदय सु. ४° से. तापमानाच्या द्रावणात ठेवतात. त्याच्यातील रक्तप्रवाह सु. ४ तासांच्या आत पुन्हा सुरू व्हावा लागतो. मूत्रपिंड याहून कितीतरी अधिक काळ टिकते. त्यामुळे हृदयाच्या बाबतीत अंतर हा निर्णायक घटक ठरतो. पुण्याहून विमानाने मुंबईस व तेथून रस्त्याने मुलुंडला हृदय नेताना वाहतूक पोलिसांनी मार्ग मोकळा ठेवला. अशा मोकळ्या ठेवलेल्या मार्गास ‘हरित मार्ग’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. विमानतळाच्या निकट असणे व द्रुतगती महामार्गाची सोय, हे पश्चिम व पूर्व उपनगरांतील रुग्णालयांना या कामी उपकारक ठरले. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरत येथील चौदा महिन्यांच्या बालकाचे हृदय मुलुंडला आणून साडेतीन वर्षांच्या मुलीला बसविण्यात आले. त्या बालकाच्या मातापित्यांनी काही तासांत जो निर्णय घेतला, त्याला कोणताही कायदा भाग पाडू शकत नाही. कायदा फक्त तो निर्णय मागण्याची रीत ठरवितो.

जीवन, मृत्यू व मधली अवस्था : मेंदूचा मृत्यू व दीर्घकालीन बेशुद्धी या दोहोंत सामान्यतः गल्लत केली जाते. मुंबईतच घडलेल्या एका प्रकरणाने हा भेद स्पष्ट केला. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये प्राणघातक हल्ला झाला. मेंदूस झालेल्या गंभीर इजेमुळे त्यांची जाणीव जवळजवळ नष्ट झाली, तरी मस्तिष्क स्तंभ कार्यक्षम राहिला. त्या स्वतः श्वास घेत होत्या व म्हणून कायद्याच्या व वैद्यकाच्या दृष्टीने जिवंत होत्या. त्यांचे अन्न बंद करण्याची परवानगी मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनी त्यास विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला, परंतु विशिष्ट परिस्थितीत कृत्रिम उपचार थांबविण्याचे तत्त्व मान्य केले. अरुणा शानभाग १८ मे २०१५ रोजी, म्हणजे मुलुंडच्या शस्त्रक्रियेच्या अडीच महिने आधी, त्याच रुग्णालयात मरण पावल्या. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार हा जीवनाच्या मूलभूत अधिकाराचा भाग असल्याचे मान्य केले. कोणते उपचार नकोत हे आगाऊ लिहून ठेवण्याची मुभाही त्या निकालाने नागरिकांस मिळाली. आयुष्य वाढविण्याचा अधिकार व ते न वाढविण्याचा अधिकार, अशा दोन्ही बाजूंचा विचार न्यायालयांस अशा प्रकारे करावा लागला.

अनिर्णित प्रश्न : कायद्यामुळे व्यापार पूर्णपणे थांबला नाही. निकटचा आप्त नसलेल्या दात्यास ‘जिव्हाळ्यापोटी’ अवयव देण्याची मुभा १९९४ च्या अधिनियमात प्राधिकृत समितीच्या परवानगीने ठेवण्यात आली होती व तिचा गैरफायदा घेतला गेला. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा दहा वर्षांपर्यंतचा कारावास व एक कोटी रुपयांपर्यंतचा दंड इतकी वाढविण्यात आली. तरीही जुलै २०१६ मध्ये पवई येथील एका खाजगी रुग्णालयातील मूत्रपिंडाचे प्रतिरोपण ऐन वेळी थांबवावे लागले. बनावट कागदपत्रांच्या आधारे दातीस रोग्याची पत्नी म्हणून दाखविल्याचा आरोप होता व त्या प्रकरणी काही वैद्यांनाही अटक झाली. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया अधिक व अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक, असेही देशातील आकडेवारी दाखविते. यांतील किती स्त्रियांना नकार देणे खरोखर शक्य होते, हे कोणत्याही संमतिपत्रावरून कळत नाही.

जिवंत दात्यांवरील हा भार कमी करण्याचा मार्ग म्हणजे मृत्यूनंतरचे अवयवदान. २०२३ मध्ये भारतात अशा दात्यांची संख्या एक हजारापेक्षा थोडीच अधिक होती. लोकसंख्येच्या दर दहा लाखांमागे हे प्रमाण एकाहूनही कमी पडते. हृदयाची गरज असलेले बहुसंख्य रोगी प्रतीक्षायादीपर्यंतही पोहोचत नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीसाठी असलेली अधिवासाची अट व ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली. अवयव मोजकेच असताना वृद्धास हृदय द्यावे की तरुणास, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र झाला आहे.

खर्चाचा प्रश्नही यास जोडूनच येतो. १९६८ मध्ये हृदय-प्रतिरोपणाचा प्रयत्न महानगरपालिकेच्या रुग्णालयात झाला होता व त्याचा भार सार्वजनिक निधीवर होता. २०१५ नंतर ते मुख्यत्वे खाजगी रुग्णालयांत होऊ लागले. शस्त्रक्रियेस लाखो रुपये लागतात व नंतरची औषधे जन्मभर घ्यावी लागतात. विश्वस्त निधी व देणग्या यांच्या साहाय्याने काही गरीब रोग्यांनाही उपचार मिळाले आहेत. तथापि अवयव सर्व थरांतील कुटुंबे देत असताना तो घेण्याची ऐपत मात्र थोड्यांनाच असावी, ही विषमता दात्यांच्या औदार्यावर आधारलेल्या व्यवस्थेस दीर्घकाळ पेलणारी नाही. जुलै २०२४ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात ५६ वर्षांनी पुन्हा हृदय-प्रतिरोपण झाले. सार्वजनिक रुग्णालयात ही शस्त्रक्रिया नियमितपणे होऊ लागली, तरच १९६८ मध्ये परळ येथे ज्या हेतूने तिचा आरंभ झाला तो सफल झाला असे म्हणता येईल.